रात्रीच्या स्वयंचलित कामातून बाहेरचे प्रोग्राम चालवणे : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

दस्तऐवज-संग्रहाच्या रात्रीच्या स्वयंचलित कामाची नव्याने मांडणी करण्यास आज सुरुवात केली. कामाचा क्रम ठरलेला आहे. दिवसभरात विंडोज सर्व्हरवर जमा झालेल्या फाइली लिनक्स सर्व्हरच्या आवक फोल्डरमध्ये आणायच्या, लिब्रेऑफिसकडून त्यांच्या पीडीएफ प्रती करून घ्यायच्या, स्कॅन केलेल्या पानांवरील मजकूर टेसरॅक्टकडून ओळखून घ्यायचा, पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप काढायचा आणि सगळे आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या साधनाने दुसऱ्या यंत्रावर पाठवायचे. प्रत्यक्ष काम करणारा यांतला एकही प्रोग्राम आमचा नाही. आमच्या वाट्याला येते ते एवढेच की या प्रोग्रामांना ठरल्या वेळी सुरू करावे, त्यांना लागेल ते हाती द्यावे आणि त्यांनी दिलेला निकाल नीट समजून घ्यावा. रात्री कोणी जागे नसताना हे बिनचूक घडणे हीच या प्रकल्पाची कसोटी आहे.

जुन्या पद्धतीत कमांड आधी टर्मिनलवर चालवून पाहिली जाई आणि ती चालली की तशीच क्रॉनच्या (लिनक्सवर ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या साधनाच्या) तक्त्यात उतरवली जाई. ही पद्धत अपुरी आहे, कारण माणूस लॉगिन करून कमांड देतो तेव्हा त्या कमांडला बरेच काही न मागता मिळालेले असते: प्रोग्राम कुठे शोधायचा याचे पाथ, चालू फोल्डर, भाषेची आणि अक्षरसंचाची निवड, जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह, पासवर्ड विचारला तर तो टाइप करणारे हात, आणि काही बिघडले तर पडद्यावरचा संदेश वाचणारे डोळे. स्वयंचलित कामाला यांतले जवळजवळ काहीच मिळत नाही.

म्हणून पहिला निर्णय असा केला की प्रत्येक बाहेरच्या प्रोग्रामसाठी एक पत्रक लिहायचे आणि ते पूर्ण भरल्याशिवाय त्याला वेळापत्रकात जागा द्यायची नाही. प्रोग्रामचा संपूर्ण पाथ, वर्किंग डिरेक्टरी (तो ज्या फोल्डरमधून चालतो ते), कोणत्या खात्याने चालवायचा, कोणती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (बाहेरून दिलेली नाव-मूल्ये) लागतात, इनपुट कुठून येते, आउटपुट कुठे जाते, जास्तीत जास्त किती वेळ द्यायचा आणि कोणता एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना परत देतो तो क्रमांक) यश मानायचा, हे पत्रकात स्पष्ट लिहिलेले असावे. यांतले शेवटचे दोन रकाने लोक सर्वांत आधी कोरे सोडतात, आणि बहुतेक बिघाड तिथूनच आत येतात.

६ ऑगस्ट २०२५

लिनक्सच्या बाजूला क्रॉन ठेवायचा की सिस्टमडीचे (लिनक्सवरील सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या यंत्रणेचे) टायमर वापरायचे, हे आज ठरवले. क्रॉनविषयी माझी तक्रार नाही. आज अनेक ठिकाणी चालणाऱ्या क्रॉनचे मूळ १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेल्या आवृत्तीत आहे आणि एवढी वर्षे टिकलेल्या साधनाला आदराने वागवावे. मात्र आमच्या गरजांचा विचार करता त्याच्या मर्यादा ठळक दिसतात. क्रॉनमधून सुरू झालेल्या कामाला सामान्यतः यूएसआर-बिन आणि बिन एवढाच पाथ मिळतो, त्यामुळे इतरत्र बसवलेला प्रोग्राम त्याला सापडत नाही. कमांड बॅशऐवजी एसएच या शेलकडे (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) जाते, आणि डेबियनसारख्या वितरणांत एसएच म्हणजे डॅश हा आटोपशीर शेल असल्यामुळे बॅशची खास वाक्यरचना तिथे चालत नाही. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह आले तर ते नव्या ओळीचे चिन्ह समजले जाते आणि त्यापुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून दिला जातो. फाइलच्या नावात तारीख घालणाऱ्या कमांडमध्ये हे चिन्ह हमखास असते, म्हणून तिथे त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार हे दोन्ही रकाने भरले, तर दोन्ही जुळण्याची वाट न पाहता क्रॉन त्यांपैकी एक जुळले तरी काम सुरू करतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

सिस्टमडीत काम कसे चालवायचे ते सर्व्हिसच्या फाइलमध्ये आणि केव्हा चालवायचे ते टायमरच्या फाइलमध्ये लिहिले जाते. पत्रकातील जवळजवळ प्रत्येक रकान्याला या सर्व्हिस फाइलमध्ये स्वतःची ओळ आहे आणि ती ओळ पुढच्या माणसाला वाचता येते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. एक्झेकस्टार्टच्या, म्हणजे कोणता प्रोग्राम चालवायचा ते सांगणाऱ्या ओळीतील कमांड शेलकडे जात नाही, त्यामुळे तिथे पाइप (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणे), पुनर्निर्देशन किंवा तारांकित नावांचा विस्तार चालत नाही. ज्यांना ते हवे असेल त्यांनी शेलला उघडपणे बोलवावे किंवा वेगळी स्क्रिप्ट लिहावी. टक्क्याचे चिन्ह इथेही खास अर्थाचे आहे, फक्त उपाय वेगळा: ते दोनदा लिहायचे. टायमरचे वेळेचे सूत्र बरोबर आहे का, हे सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ या साधनाच्या कॅलेंडर उपकमांडने आधीच तपासता येते आणि ते पुढची वेळ छापून दाखवते. प्रत्येक सूत्र असे तपासूनच फाइलमध्ये घालायचे, असा नियम केला.

११ ऑगस्ट २०२५

आजचा दिवस विंडोजच्या टास्क शेड्युलरला दिला. फाइली उचलून लिनक्सच्या सामायिक फोल्डरमध्ये पोहोचवणारी रोबोकॉपी ही विंडोजची कमांड तिथूनच सुरू करायची आहे.

टास्कच्या कृतीत तीन रकाने असतात: प्रोग्राम, त्याचे आर्ग्युमेंट आणि सुरुवातीचे फोल्डर. तिसऱ्या रकान्यापुढे ऐच्छिक असे लिहिलेले असल्यामुळे तो रिकामा सोडण्याची रीत पडली आहे; पण तो रिकामा असला की प्रोग्राम विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधून सुरू होतो आणि स्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रत्येक सापेक्ष पाथ तिथून मोजला जातो. हा रकाना भरताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पाथमध्ये मोकळी जागा असली तरी या रकान्यात अवतरणचिन्हे घालायची नाहीत. ती घातली तर फोल्डरचे नाव अवैध ठरते आणि २१४७९४२६६७ ही त्रुटी येते. प्रोग्रामच्या रकान्यात मात्र अवतरणचिन्हे चालतात, म्हणून सवयीने ती खालीही टाकली जातात. असे लांबलचक आकडे भीतिदायक दिसत असले तरी वाचण्याजोगे आहेत: त्यातून २१४७९४२४०० वजा केले की विंडोजचा मूळ त्रुटी-क्रमांक उरतो. वरच्या उदाहरणात २६७ उरतात, म्हणजे फोल्डरचे नाव चुकीचे. २१४७९४२४०२ असेल तर २ उरतात, म्हणजे फाइल सापडली नाही. ही वजाबाकी मी पत्रकाच्या समासात लिहून ठेवली आहे.

वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, टास्क चालावी, असा पर्याय निवडला आहे. हा पर्याय निवडताना त्याचे परिणाम मान्य करावे लागतात. अशी टास्क पडद्याशी न जोडलेल्या सत्रात चालते. विंडोज व्हिस्टापासून सत्र शून्य हे वापरकर्त्यांच्या सत्रांपासून वेगळे काढलेले आहे, त्यामुळे त्यात उघडलेली खिडकी कोणालाही दिसत नाही, आणि एखाद्या प्रोग्रामने खात्री करून घेण्यासाठी चौकट उघडली तर तो तिच्यावर क्लिक होण्याची वाट पाहत तसाच थांबतो. म्हणून ज्या प्रोग्रामला शांतपणे, न विचारता चालण्याचा पर्याय नाही, तो रात्रीच्या कामात घ्यायचाच नाही. दुसरा परिणाम नेटवर्क ड्राइव्हचा. अक्षराने जोडलेला ड्राइव्ह हा त्या त्या लॉगिन सत्राचा असतो. टास्कला तो दिसत नाही. सर्व ठिकाणी दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारे पूर्ण नेटवर्क-नाव लिहिले आहे.

रोबोकॉपीचे मूळ पर्याय पाहून थोडे थांबावे लागले. एखादी फाइल दुसऱ्या कोणी उघडून ठेवली असेल तर रोबोकॉपी पुन्हा प्रयत्न करते. हे प्रयत्न मुळात दहा लाख आहेत आणि दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंदांची विश्रांती आहे. गुणाकार केला तर एका अडलेल्या फाइलसाठी सुमारे ३४७ दिवस होतात. टास्क शेड्युलरची मूळ मर्यादा तीन दिवसांची आहे आणि आधीची फेरी चालू असेल तर नवी सुरू करायची नाही हाही त्याचा मूळ नियम आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की एका उघड्या फाइलमुळे पुढच्या रात्रींच्या फेऱ्या गप्प वगळल्या जातात, आणि तरीही प्रत्येक घटक आपापल्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर वागत असतो. म्हणून प्रयत्न ३, विश्रांती १० सेकंद आणि टास्कची कमाल मर्यादा दोन तास अशी नोंद स्पष्टपणे केली.

वीजपुरवठ्याचा पर्यायही पाहावा. संगणक बॅटरीवर असेल तर टास्क सुरू करू नये, ही खूण मुळातच लावलेली असते. आमच्या यंत्राला बॅटरी नाही, तरी खूण काढून टाकली, कारण हीच टास्क निर्यात करून उद्या दुसऱ्या यंत्रावर नेली जाऊ शकते.

१३ ऑगस्ट २०२५

खाती ठरवली. दोन्ही बाजूंना या कामापुरते वेगळे खाते केले असून त्याला फक्त लागणाऱ्या फोल्डरांची परवानगी आहे. विंडोजमध्ये अशा खात्याला बॅच जॉब म्हणून लॉगिन करण्याचा हक्क असावा लागतो. टास्कमध्ये साठवलेला पासवर्ड खात्याचा पासवर्ड बदलला तरी आपोआप बदलत नाही. तेव्हा २१४७९४३७२६ येतो, म्हणजे वजाबाकीनंतर १३२६, लॉगिन अयशस्वी. पोस्टग्रेसचा पासवर्ड खात्याच्या होम फोल्डरमधील पीजीपास फाइलमध्ये ठेवला आहे. तिची परवानगी ०६०० पेक्षा सैल असेल तर लिनक्सवर ती फाइल दुर्लक्षिली जाते. त्यासोबत पासवर्ड कधीही विचारू नये असा पर्याय पीजी-डंपला (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणाऱ्या प्रोग्रामला) दिला आहे, म्हणजे पासवर्ड न मिळाल्यास तो वाट पाहत न बसता लगेच अपयश कळवील. आरसिंकच्या आतल्या एसएसएचलाही (दुसऱ्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रोग्रामला) बॅचमोड याच कारणाने दिला. कमांडच्या ओळीत पासवर्ड लिहायचा नाही. प्रोसेसची यादी पाहणाऱ्या इतर खात्यांना तो वाचता येऊ शकतो.

१८ ऑगस्ट २०२५

एक्झिट कोडचा रकाना भरण्यास वाटले होते त्याहून अधिक वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता. शून्य म्हणजे यश आणि बाकी सर्व अपयश, हा नियम पाठ असतो. पण बाहेरचा प्रोग्राम तो पाळेलच असे नाही.

रोबोकॉपी हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. तिचा कोड ही बेरीज असते: १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या, २ म्हणजे गंतव्य फोल्डरमध्ये जास्तीच्या फाइली आहेत, ४ म्हणजे काही ठिकाणी विसंगती आहे, ८ म्हणजे काही फाइली कॉपी होऊ शकल्या नाहीत आणि १६ म्हणजे गंभीर त्रुटी. म्हणजे ज्या रात्री काम उत्तम झाले त्या रात्री १ येतो आणि ज्या रात्री नेण्यासारखे काही नव्हते त्या रात्री शून्य. रोबोकॉपीभोवती एक छोटी बॅच फाइल लिहून ८ पेक्षा कमी कोडचे रूपांतर शून्यात केले आणि मूळ कोड लॉगमध्ये जसाच्या तसा ठेवला. टास्क शेड्युलरच्या इतिहासात कृती पूर्ण झाल्याची घटना २०१ क्रमांकाने नोंदली जाते, पण तिच्या मजकुरात शून्याखेरीज कोडही असू शकतो. तेव्हा घटना दिसली यावर समाधान न मानता आतला कोड वाचावा. हा इतिहास अनेक यंत्रांवर मुळात बंद असतो. तो सुरू केला.

आरसिंकमध्ये २३ आणि २४ यांतला फरक आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. २३ म्हणजे त्रुटीमुळे काही भाग पोहोचला नाही. २४ म्हणजे यादी तयार झाल्यानंतर आणि पाठवण्यापूर्वी काही मूळ फाइली नाहीशा झाल्या. आमच्या कामाच्या फोल्डरात तात्पुरत्या फाइली येत-जात असल्याने २४ स्वाभाविक आहे आणि सर्व्हिस फाइलमध्ये तो यशाच्या कोडांत समाविष्ट केला. २३ ला मात्र सवलत नाही.

शेलच्या आणि यंत्रणेच्या स्वतःच्या कोडांची ओळखही पत्रकाच्या मागे लिहिली. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, आणि त्याचे कारण बहुधा परवानगी असते. १२८ च्या वरचा कोड सहसा सिग्नलने संपलेल्या प्रोसेसचा असतो: १४३ म्हणजे सिग्नल १५, आवरते घेण्याची विनंती; १३७ म्हणजे सिग्नल ९, सक्तीने बंद. १३७ दिसला आणि आपण ती प्रोसेस मारलेली नसेल, तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने ती बंद केली का, हे प्रथम पाहावे. सिस्टमडीने दिलेला २०३ म्हणजे प्रोग्राम सुरूच करता आला नाही, २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरीत जाता आले नाही, २१७ म्हणजे सांगितलेले खाते मिळाले नाही. प्रोग्राम स्वतः बिघडला आणि प्रोग्रामपर्यंत आपण पोहोचलोच नाही, या दोन वेगळ्या घटना आहेत. लॉग वाचणाऱ्याने त्या पहिल्याच नजरेत वेगळ्या कराव्यात, एवढ्यासाठी ही यादी आहे.

बॅकअपच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये पीजी-डंपचे आउटपुट पाइपने जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला दिलेले होते. बॅशमध्ये पाइपलाइनचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. डंप अर्ध्यावर तुटला तरी जीझिप मिळेल तेवढे दाबून शून्य कळवतो, आणि सकाळी फोल्डरमध्ये व्यवस्थित नावाची, उघडता येणारी, अपुरी फाइल असते. पाइपफेल हा पर्याय लावला की हा निकाल बदलतो. आम्ही मात्र पाइपच काढून टाकला आणि पीजी-डंपचे कस्टम स्वरूप घेतले, जे मुळातच संकुचित असते. साखळीत जितके कमी दुवे, तितके तपासायला कमी.

२१ ऑगस्ट २०२५

लिब्रेऑफिस. या एका प्रोग्रामने इतर सर्वांहून अधिक विचार करायला लावला.

हेडलेस पर्यायाने ते खिडकी न उघडता चालते आणि फाइलीचे रूपांतर पीडीएफमध्ये करते, एवढे सर्वज्ञात आहे. पहिली अडचण प्रोफाइलची, म्हणजे त्याच्या वैयक्तिक सेटिंग ठेवणाऱ्या फोल्डरची. त्याच खात्याने, त्याच प्रोफाइलसह लिब्रेऑफिस आधीच चालू असेल तर नवी कमांड स्वतंत्र काम न करता चालू असलेल्या प्रोसेसकडे जाते, आणि आपण सुरू केलेली प्रोसेस काही न करता संपल्यासारखी दिसते. उपाय असा की यूजरइन्स्टॉलेशन या एन्व्हायर्नमेंट पर्यायाने प्रत्येक फेरीला स्वतःचे तात्पुरते प्रोफाइल फोल्डर द्यायचे आणि काम झाल्यावर ते पुसून टाकायचे. पहिल्यांदा प्रोफाइल तयार होण्यास थोडा वेळ जातो. तो मी आनंदाने देईन.

दुसरी अडचण निकालाची. मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली असता, आमच्याकडे असलेल्या आवृत्तीने फाइल उघडता न आल्याचा संदेश छापला आणि तरी एक्झिट कोड शून्यच दिला. म्हणून इथे कोडवर विसंबायचे नाही असे ठरवून निकालाचीच तपासणी बसवली: अपेक्षित नावाची फाइल आहे का, ती रिकामी नाही ना, तिची वेळ काम सुरू झाल्यानंतरची आहे का आणि तिची सुरुवात पीडीएफच्या ठरलेल्या शीर्षखुणेने होते का. वेळेची अट विशेष महत्त्वाची आहे, नाहीतर कालची प्रत आजची समजली जाते. रूपांतर आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये होते आणि या चार अटी पूर्ण झाल्यावरच फाइलचे नाव बदलून ती संग्रहात जाते. एकाच फाइल-सिस्टममध्ये नाव बदलण्याची क्रिया अविभाज्य असते, त्यामुळे टेसरॅक्टला अर्धवट फाइल कधीच दिसत नाही. तात्पुरते फोल्डर वेगळ्या डिस्कवर असेल तर तीच कमांड आतून कॉपी करते आणि ही हमी संपते, म्हणून दोन्ही फोल्डर शेजारीच ठेवले आहेत.

तिसरी अडचण वेळेची, आणि ती सर्वांत खोल आहे. एखाद्या विचित्र फाइलवर लिब्रेऑफिस अडून बसले तर त्याला थांबवावे लागते. पण कोणाला थांबवायचे? आपण सुरू करतो ती सोफिस नावाची शेल स्क्रिप्ट असते आणि प्रत्यक्ष काम तिने सुरू केलेली पुढची प्रोसेस करते. पायथनच्या सबप्रोसेसमधील रन हे फंक्शन वेळमर्यादा संपली की फक्त आपल्या थेट अपत्याला मारते. नातवंडे तशीच राहतात, मेमरी आणि प्रोफाइलचे कुलूप धरून बसतात, आणि त्यांनी आउटपुटचा पाइप उघडा ठेवला असेल तर पायथनच्या जुन्या आवृत्त्यांत वेळमर्यादा संपूनही आपला कोड त्या पाइपच्या टोकाशी अडकून राहत असे. म्हणजे वेळमर्यादा लिहिलेली आहे आणि ती लागूही झाली, तरी काम थांबलेले नाही.

सिस्टमडीची निवड इथे सार्थकी लागली. तो सर्व्हिसच्या सर्व प्रोसेस एका सी-ग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलने सांभाळलेल्या गटात, ठेवतो आणि थांबवण्याची वेळ आली की मूळ नियमानुसार त्या गटातील प्रत्येकीला आधी सिग्नल १५ पाठवतो, आणि ठरल्या मुदतीत, जी मुळात ९० सेकंदांची असते, त्या आवरल्या नाहीत तर सिग्नल ९. अपत्याने कितीही पिढ्या वाढवल्या तरी ती या गटाबाहेर सहज जात नाही. प्रत्येक फाइलचे रूपांतर आता साचा-सर्व्हिसच्या (एकाच सर्व्हिस फाइलवरून अनेक प्रती चालवता येणाऱ्या सर्व्हिसच्या) स्वतंत्र फेरीत होते आणि मर्यादा दहा मिनिटांची आहे. मर्यादेचा शब्द निवडताना सावध राहावे: वनशॉट प्रकारच्या, म्हणजे एकदा काम करून संपणाऱ्या सर्व्हिसला टाइमआउटस्टार्टसेक लावावा लागतो, कारण त्या प्रकारात तो मुळात अमर्याद असतो, रनटाइममॅक्ससेक हे नाव अधिक योग्य वाटते खरे, पण वनशॉटवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

२५ ऑगस्ट २०२५

फाइलींची नावे. नावे आमच्या हातात नाहीत. ती लोकांनी ठेवलेली असतात आणि तशीच जपायची आहेत.

मूळ तत्त्व असे की फाइलचे नाव कमांडच्या मजकुरात जोडून तो मजकूर शेलला कधीही द्यायचा नाही. नावात मोकळी जागा, अवतरणचिन्ह, अर्धविराम किंवा डॉलर असेल तर शेल त्याचा स्वतःचा अर्थ लावतो, आणि हेतुपुरस्सर ठेवलेले नाव तर आमच्या खात्याच्या परवानग्यांसह वाटेल ती कमांड चालवू शकते. आर्ग्युमेंटांची यादी थेट प्रोग्रामला दिली की हा प्रश्नच उरत नाही. एक अडचण तरीही राहते: नाव हायफनने सुरू झाले तर प्रोग्राम त्याला पर्याय समजतो. म्हणून सर्वत्र संपूर्ण पाथ दिला जातो, आणि जिथे प्रोग्राम ते मानतो तिथे नावांआधी दोन हायफनांची खूणही घातली आहे. विंडोजमध्ये प्रोग्रामला यादी न मिळता एकच सलग ओळ मिळते आणि तिचे तुकडे तो स्वतः करतो, त्यामुळे तिथे अवतरणचिन्हांची जबाबदारी आपली.

देवनागरी नावांचा मुद्दा वेगळा नोंदवतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे आहेत. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-सिस्टममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे देवनागरीत फार तर ८५ चिन्हे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-सिस्टममध्ये मर्यादा यूटीएफ-१६ च्या २५५ एककांची असल्यामुळे तिथे सुखाने नांदणारे लांब मराठी नाव लिनक्सवर येताना अडते. मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवून फाइलीला आतल्या वापरासाठी लहान क्रमांक-नाव देणे हा मार्ग स्वीकारला. लॉग आणि मजकूर-आउटपुट यांत अक्षरे तुटू नयेत म्हणून सर्व्हिस फाइलमध्ये लँग हे व्हेरिएबल यूटीएफ-८ चे, स्पष्ट लिहिलेले आहे.

२८ ऑगस्ट २०२५

आउटपुटची व्यवस्था. एखादा प्रोग्राम सुरू करून त्याचे आउटपुट पाइपमध्ये घेतले, ते वाचले नाही आणि तो संपण्याची वाट पाहिली, तर लिनक्सवर साधारण ६४ किलोबाइट भरल्यानंतर पाइप तुंबतो. प्रोग्राम लिहिण्यासाठी थांबतो आणि आपण तो संपण्यासाठी. चाचणीत संदेश थोडे असल्याने हे दिसत नाही, प्रत्यक्षात हजार पानांची फाइल आली की दिसते. आमच्याकडे आता आउटपुट आणि त्रुटी दोन्ही थेट सिस्टमडीच्या जर्नलकडे (त्याच्या लॉगकडे) जातात, आणि इनपुट रिकामे आहे, म्हणजे कोणी प्रश्न विचारलाच तर त्याला तिथेच समाप्ती मिळते. टेसरॅक्टच्या अनेक प्रोसेस एकाच वेळी चालवताना ओएमपी-थ्रेड-लिमिट १ केले, नाहीतर प्रत्येक प्रोसेस स्वतःचे धागे (थ्रेड) वाढवते आणि प्रोसेसरसाठी सगळ्यांचीच ओढाताण होते.

१ सप्टेंबर २०२५

घड्याळ आणि फेऱ्यांची गर्दी. वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिल्या, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या प्रदेशात यंत्र हलवले तर वर्षातून एकदा एक तास दोनदा येतो आणि एकदा येतच नाही. पर्सिस्टंट पर्याय लावला, म्हणजे यंत्र बंद असताना चुकलेली फेरी सुरू झाल्यावर घेतली जाते. सर्व्हिस चालू असताना टायमरची वेळ पुन्हा आली तर सिस्टमडी दुसरी प्रत सुरू करत नाही. पण कोणी स्क्रिप्ट हाताने थेट चालवली तर हे संरक्षण नाही, म्हणून स्क्रिप्टमध्येच एफलॉकचे कुलूप आहे. प्रोसेस कशीही संपली तरी कर्नल ते सोडतो. जुनी पद्धत, म्हणजे क्रमांक लिहिलेली फाइल ठेवून ती आहे का ते पाहणे, वीज गेल्यावर कुलूप तसेच ठेवून जाते.

४ सप्टेंबर २०२५

आज सर्व बिघाड मुद्दाम घडवून पाहिले. प्रोग्रामचे नाव बदलले: २०३. वर्किंग डिरेक्टरी हलवली: २००. पीजीपासची परवानगी सैल केली: बॅकअप क्षणात अपयशी झाला, अडून बसला नाही. अडकणारी फाइल दिली: दहा मिनिटांनी पूर्ण गट बंद झाला आणि पुढची फाइल वेळेवर सुरू झाली. विंडोजवर एक फाइल उघडून ठेवली: रोबोकॉपीने तीन प्रयत्नांनंतर ८ धरून कोड दिला आणि बाकीच्या फाइली पोहोचल्या. लिनक्सच्या बाजूला प्रत्येक वेळी ऑनफेल्युअरमध्ये (अपयश आल्यास काय चालवायचे ते सांगणाऱ्या ओळीत) दिलेल्या सर्व्हिसने संदेश पाठवला आणि संदेशात प्रोग्रामचे नाव, कोड आणि जर्नलच्या शेवटच्या ओळी होत्या.

मात्र या संदेशाने एक प्रकार कधीच कळणार नाही: काम सुरूच न होणे. टायमर कोणी बंद केला, किंवा यंत्रच बंद आहे, तर अपयशही घडत नाही आणि संदेशही जात नाही. त्यासाठी दुसऱ्या यंत्रावर वेगळी तपासणी बसवली. यशस्वी फेरीच्या शेवटी एक खूण-फाइल ताजी होते, आणि ती २६ तासांपेक्षा जुनी झाली की ते दुसरे यंत्र संदेश पाठवते. टायमर बंद करून हीही तपासणी करून पाहिली.

९ सप्टेंबर २०२५

नवी व्यवस्था देखभाल करणाऱ्या सहकाऱ्यांच्या हाती दिली. क्रॉनमधील जुन्या ओळी पूर्ण काढून टाकल्या. त्यांच्यापुढे नुसते टिप्पणीचे चिन्ह ठेवले असते तर घाईच्या वेळी कोणीतरी त्या पुन्हा सुरू केल्या असत्या आणि दोन बॅकअप एकाच फाइलवर लिहू लागले असते. सर्व्हिस फाइली, टायमर, बॅच फाइल, विंडोजच्या टास्कची एक्सएमएल निर्यात आणि सर्व पत्रके एकाच गिट भांडारात आहेत.

दोन कामे शिल्लक आहेत. लिब्रेऑफिसची आवृत्ती बदलेल तेव्हा बिघडवलेल्या फाइलीची चाचणी पुन्हा घ्यायची आणि एक्झिट कोडाचा रकाना त्यानुसार तपासायचा. दुसरे, पीजी-डंपची फाइल आज फक्त निर्माण होते. ती रिकाम्या डेटाबेसमध्ये पीजी-रिस्टोअरने भरून पाहणारी साप्ताहिक सर्व्हिस लिहायची आहे. तिचे पत्रक आज भरले, फक्त वेळमर्यादेचा रकाना उरला आहे. पहिली फेरी हाताने मोजून तो भरायचा.